सोपानला डोंगरावरून उतरवलं तो दिवस

आमची पलटण हाँगकाँगला उतरली तेव्हा मी लान्सनाईक होतो. महायुद्धाला अजून तीन-चार वर्षं होती. घरातली पोरं विचारतात, ‘आबा, तुम्ही किती शत्रू मारले?’ एकही नाही. त्या काळात मी गोळ्या झाडल्या त्या चांदमारीच्या फळीवर, आणि त्यातल्याही बऱ्याच फळीला चुकवून मागच्या टेकाडात गेल्या. तेव्हा ज्यांना लढाई ऐकायची आहे त्यांनी आताच उठावं.

माझ्याबरोबर सोपान होता. तो इंदापूर तालुक्यातल्या अंथुर्ण्याचा, मी वडगाव निंबाळकरचा. दोघांची भरती बारामतीला एकाच दिवशी झाली. छाती मोजताना ती भरावी म्हणून मी श्वास असा कोंडून धरला की डोळ्यांपुढं अंधारी आली. मागं रांगेत उभ्या सोपाननं माझा कडदोरा घट्ट धरला म्हणून मी पडलो नाही, आणि पास झालो. सरकारला माझ्यासारखा सैनिक मिळाला तो सोपानमुळं. दोष द्यायचा तर त्याला द्यावा.

पलटणीत माझं नाव होतं, पण ते बंदुकीमुळं नव्हतं. ते वाटीमुळं होतं. आमच्याकडं पोट दुखायला लागलं की वाटी सरकली म्हणतात. बेंबीवर बोटं दाबून आत ठोका बघायचा. तो बरोबर मध्ये लागला तर वाटी जागेवर. बाजूला लागला तर सरकली. मग तेल लावून पोट चोळत चोळत ठोका मध्ये आणायचा. ही विद्या मला आमच्या आत्यानं दिली. कंपनीतली निम्मी पोटं माझ्या हाताखालून गेली होती. कवायतीच्या आधी जवानांची वाटी हमखास सरकायची आणि चहाच्या वेळी आपोआप बसायची. यश मात्र माझ्या नावावर जमा व्हायचं. मीही नाही म्हणत नव्हतो.

त्या वर्षी आमच्या सेक्शनला चीनच्या सरहद्दीजवळच्या एका डोंगरावर पोस्ट मिळाली. कमांडर हवालदार शिंदे, साताऱ्याकडचे. रोजचं काम ठरलेलं. पहाटे स्टँड-टू, म्हणजे हत्यार घेऊन मोर्चावर उभं राहणं, मग चहा, हत्यार सफाई, टेलिफोनची तार तपासणं, दुर्बिणीतून खालचा रस्ता बघणं. रस्त्यावर बहुतेक वेळा बदकं असायची. दोन दिवसांपूर्वी समुद्रावरून मोठं वादळ येऊन गेलं होतं. खेचरांची वाट जागोजागी खचली होती. तार मात्र शाबूत होती.

स्टँड-टू संपला आणि सोपाननं चहा नको म्हटलं. अंथुर्ण्याचा माणूस चहा नको म्हणतो म्हणजे काहीतरी बिघडलंय, हे मला तेव्हाच कळलं. तो बराकीत गुडघे पोटाशी घेऊन पडला होता. दोनदा उलटी झाली होती. अंगात ताप होता.

“राम्या, वाटी सरकलीय. बसीव लवकर.”

मी तेलाची बाटली घेऊन बसलो. बाह्या वर केल्या. आजूबाजूला चार जण तमाशाला बसावेत तसे बसले. बेंबीवर बोटं ठेवली. ठोका बरोबर मध्ये लागत होता. मी बोटं काढली, पुन्हा ठेवली. ठोका मध्येच. उजवीकडं खाली जरा दाबलं तर सोपान गुरासारखा ओरडला. त्या बाजूचं पोट पाटीसारखं कडक झालं होतं.

मी बाटलीला बूच लावलं.

“काय झालं?” हवालदारांनी विचारलं.

“साहेब, वाटी जागंवर हाय. हे दुसरं कायतरी हाय. डॉक्टर पायजे.”

“आरं चोळ की मर्दा!” सोपान कळवळून म्हणाला. “साऱ्या कंपनीची पोटं चोळलीस, आन् माझ्या येळंला बूच?”

“न्हाय चोळणार.”

“कोंबडीचा राग काढतोस व्हय?”

मागच्या आठवड्यात गावातून आणलेल्या कोंबडीची तंगडी त्यानं माझ्या ताटातून उचलली होती. त्यावरून आमचं बोलणं बंद होतं, हे खरं. सगळे माझ्याकडं बघायला लागले. मला एकाएकी आरोपी झाल्यासारखं वाटलं.

मी टेलिफोन फिरवला. पलीकडं खालच्या तळावर सुभेदारसाहेब होते.

“पोस्टवरून लान्सनाईक रामचंद्र. एक केस हाय. पोटदुखी, ताप, उलटी.”

“रामचंद्र तूच ना, वाटीवाला?”

“व्हय साहेब.”

“मग तू असताना डॉक्टर कशाला? चोळ आणि दुपारी रिपोर्ट दे.”

आयुष्यात कमावलेलं एकुलतं एक नाव असं आडवं आलं. मी म्हणालो, “साहेब, ही वाटी न्हाय. माझ्या हातचं काम न्हाय. चोळलं तर गडी मरंल.”

सुभेदारसाहेबांनी माझ्या तोंडून ‘माझ्या हातचं काम न्हाय’ हे शब्द पहिल्यांदाच ऐकले असावेत.

“वाट खचलीय. अँब्युलन्स खालच्या पुलापर्यंतच येईल. तिथवर आणा. पोटात काही देऊ नका. पाणीसुद्धा नाही.”

“जी साहेब.”

दोन बांबू आणि दोन घोंगड्या घेऊन स्ट्रेचर केलं. हवालदारांनी तीन जणांना पोस्टवर ठेवलं. पोस्ट अर्धी मोकळी टाकून जाणं त्यांच्या जिवावर आलं होतं, ते चेहऱ्यावर दिसत होतं. आम्ही चौघांनी खांदा दिला, हवालदार पुढं वाट बघत चालले.

वाट कसली, चिखलाची घसरगुंडी होती. जिथं कडा ढासळला होता तिथं आम्ही बसून, स्ट्रेचर मांडीवर घेऊन सरकलो. माझी विजार मागून फाटली. सोपान सगळ्या वाटेवर मला शिव्या घालत होता. इंदापुरी शिव्या लांबलचक असतात. त्याला त्या देता येताहेत याचा मला धीर वाटत होता.

अर्ध्यावर शिव्या थांबल्या.

“थांबा,” तो म्हणाला. “ऱ्हायलं दुखायचं.”

आम्ही त्याला एका खडकावर ठेवलं. त्याचा चेहरा सैल पडला होता. तो चक्क हसला. “बघ, आपापली बसली. तुझी गरजच न्हाय. चला वर, मला चहा पाजा.”

सगळ्यांनी सुस्कारा सोडला. हवालदारांनी कपाळ पुसलं. “बरं झालं. अबाउट टर्न. अंधाराच्या आत पोस्ट गाठू.”

मी त्याच्या पोटावर हात ठेवला. मघाशी एकच बाजू कडक होती. आता सगळं पोट फळीसारखं लागलं. मनगट धरलं तर नाडी नुसती पळत होती. हातपाय गार. मला त्यातलं काही कळत नव्हतं. एवढंच कळत होतं की बऱ्या माणसाचं पोट असं लागत नाही.

“साहेब, वर न्यायचं न्हाय.”

“तो स्वतः सांगतोय बरं आहे म्हणून.”

“सांगू द्या. पोट वेगळं सांगतंय.”

“लान्सनाईक, पोस्ट कुणाची आहे?”

“तुमची साहेब. उद्या मला क्वार्टर गार्डच्या कोठडीत टाका, बाहीवरची पट्टी काढून घ्या. पण स्ट्रेचर फिरवू नका.”

हवालदारांनी स्ट्रेचरचा पुढचा बांबू स्वतःच्या खांद्यावर घेतला. “उचल,” म्हणाले.

पुढं कमरेएवढा ओढा लागला. तो आम्ही स्ट्रेचर डोक्यावर घेऊन पार केला. ओढा ओलांडल्यावर सोपान पुन्हा कण्हायला लागला. आता शिव्या नव्हत्या. तो पाणी मागत होता. मी ओलं फडकं नुसतं ओठांना लावत होतो.

“राम्या, एक घोट.”

“न्हाय.”

“माझ्या आईला सांगशील का, तू पाणी बी दिलं न्हाईस?”

“तूच सांग. तुला घिऊन जानार हाय अंथुर्ण्याला.”

पुलावर अँब्युलन्स उभी होती. मिलिटरी हॉस्पिटलात गोऱ्या मेजर डॉक्टरांनी पोटाला हात लावला आणि तडक ऑपरेशनला घेतलं. आतड्याला चिकटलेलं बोटाएवढं अपेंडिक्स फुटलं होतं. म्हणूनच मध्ये दुखायचं थांबलं होतं. डॉक्टरांनी दुभाष्याकरवी विचारलं, “पोट कुणी चोळलं का?”

मी नाही म्हणालो. तेवढ्या एका न केलेल्या कामाबद्दल त्यांनी माझ्याशी हात मिळवला.

त्या वेळी अशा दुखण्यावर आजच्यासारखी औषधं नव्हती. पोटात नळी ठेवली होती, ताप चढत होता, उतरत होता. सुभेदारसाहेबांनी मला सोपानजवळ ड्यूटी दिली. मी त्याला कुशीवर वळवायचो, अंग पुसायचो, आणि जागा राहावा म्हणून अंथुर्ण्याच्या लोकांची नालस्ती करायचो. एके दिवशी सकाळी त्यानं डोळे उघडले आणि स्पष्ट म्हणाला, “वडगावात तरी कुठं शानी मानसं हायेत?” मी व्हरांड्यात गेलो आणि थोडा वेळ तिथंच उभा राहिलो.

तो बरा झाला. रजेवर गावी गेला, लग्न झालं, मुलगा झाला. माझा धंदा मात्र बसला. पुढं कुणाचं पोट दुखलं की मी सरळ डॉक्टरकडं पाठवायचो, आणि डॉक्टर त्यांना एरंडेल पाजून परेडला पाठवायचे. कंपनी माझ्यावर नाराज होती.

मग महायुद्ध आलं. गुडघा अधू झाल्यामुळं मला डेपोत ठेवलं, नव्या रंगरुटांना डावा-उजवा शिकवायला. सोपान इटलीला गेला. तिथं एका नदीच्या काठावर तो कामी आला. त्याची बायको चंद्रभागा. तिला तार आल्यावर मी अंथुर्ण्याला गेलो. ती रडली नाही. उंबऱ्याशी बसून तिनं विचारलं,

“भावजी, डोंगरावर त्या बारीला तुमी हुता. ह्या बारीला त्यांच्यापाशी कोन हुतं?”

“सेक्शन असंल, वहिनी. सेक्शन एकट्याला टाकत न्हाय.”

“नावं सांगा.”

मला नावं माहीत नव्हती. डेपोत परतल्यावर तिकडून जखमी होऊन आलेल्या प्रत्येकाला मी विचारत राहिलो. शेवटी त्याच कंपनीचा एक नाईक भेटला. सोपान उघड्यावर जखमी होऊन पडला तेव्हा दोघं जण त्याला आणायला गेले होते. एक पाटणकडचा महादू, एक खेडचा येसू. त्यांनी त्याला उचललं होतं. तिघंही परत आले नाहीत.

मी पुन्हा अंथुर्ण्याला गेलो आणि चंद्रभागेला ती नावं सांगितली. तिनं ती दोनदा म्हणून घेतली. गावं विचारली, घरी आई आहे का विचारलं.

तेव्हापासून त्यांच्या घरी सर्वपित्री अमावस्येला तीन पानं वाढतात. सोपानचं, महादूचं आणि येसूचं. मी दरवर्षी जातो. पानं मांडली की मुलगा माझ्याकडं बघतो, आणि मी उभा राहून तिघांची नावं घेतो.