पारडीचं माप

मी शिवणकाम करते. टेप नेहमी सगळ्यात भरलेल्या जागी धरायचा, म्हणजे ब्लाउज काचत नाही, हे मी इतक्या मुलींना शिकवलंय की झोपेतही सांगेन. २०१६ साली याच शहाणपणानं मी आमच्या पारडीला उपाशी ठेवलं.

तलासरीकडे आमचं घर. साप चावून म्हैस गेली आणि मागे तिची पाच महिन्यांची पारडी राहिली. नवरा घोलवडला चिकूच्या वाडीत कामाला. तो म्हणाला, "ही काही जगत नाही. कुणाला तरी देऊन टाकू." मी हट्टाला पेटले. म्हटलं, "दिवाळीपर्यंत थांबा. वाढली नाही तर द्या."

रोज वाटीभर मक्याचा भरडा, मूठभर पेंड आणि पुढ्यात भाताचा पेंढा. दर रविवारी टेप लावायचा आणि बायकांच्या मापांच्या वहीत शेवटच्या पानावर आकडा लिहायचा. आकडा वाढायला लागला तशी मीही फुगले. पेंढ्यावरच एवढी वाढतेय, तर भरडा कशाला? मी तो निम्मा केला. आकडा आणखी वाढला. पण पारडी उठताना अडखळायची. केस राठ झाले, पाठीचा कणा वर आला. नवरा म्हणायचा, "अगं, टेप ठेव आणि बरगड्या मोज तिच्या!" हातच्या काकणाला आरसा कशाला म्हणतात, आणि मी आरसाच धरून बसले होते. वाढतेही आहे आणि खंगतेही आहे, हे कसं? माझं डोकंच चालेना. नजर लागली असेल म्हणून मीठ-मिरच्याही ओवाळल्या.

शेवटी गुरांच्या डॉक्टरांना बोलावलं. "कसं मोजता ते दाखवा," ते म्हणाले. मी टेप पोटाभोवती गुंडाळला. ते हसले नाहीत, तेच मला जास्त लागलं. त्यांनी टेप सरकवून पुढच्या पायांच्या मागे, छातीवर आणला.

"ताई, वजन इथे कळतं. नुसत्या पेंढ्यानं पोट फुगतं, अंग भरत नाही. वाढत्या जिवाला ताकद लागते, ती भरड्यात आणि पेंडीत असते. तुम्ही तीच कमी केलीत."

जंताचं औषध दिलं, खुराक हळूहळू वाढवला. तर पोट उतरलं, आणि छातीचं माप तीन आठवडे हलेना. आता ती आधीपेक्षाही बारीक दिसायला लागली. पुन्हा पेंढा वाढवावा का? डॉक्टरच चुकले असतील तर? कुणाचं खरं मानावं तेच कळेना.

दिवाळीच्या आदल्या दिवशी नवरा पारडीची दोरी सोडायला गेला. मी टेप घेऊन मागे धावले. छाती एक बोटभर वाढली होती.

"सैल धरलास," तो म्हणाला. मग त्यानं स्वतः मोजलं. बोटभरच. त्यानं दोरी परत खुंट्याला बांधली.

आकडा लिहायला मी वही उघडली. वरती ती उपाशी असतानाचे सगळे आकडे होते, दर रविवारी मी आनंदानं लिहिलेले.