शर्मिष्ठा खुडूक बसली

मुलुंडच्या श्यामसुंदर टिपणीसांना निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, पण त्यांची साहेबी काही निवृत्त झाली नाही. हुकूम सोडायला माणसं उरली नाहीत, म्हणून त्यांनी तळमजल्याच्या फ्लॅटमागच्या अंगणात चार कोंबड्या पाळल्या. नावं दिली ती ऑफिसात ज्या बायकांनी छळलं त्यांची. म्हणजे छळलं असं साहेब सांगत. बायका नेमकं उलट सांगत.

स्वतःचीच अंडी फोडून खाणारी ती नलिनी. तिला अद्दल घडावी म्हणून साहेबांनी अंड्याच्या रिकाम्या कवचात लाल तिखट भरून ठेवलं. कोंबडीला तिखट लागत नाही, हे त्यांच्या गावी नव्हतं. नलिनीने ते फस्त केलं आणि आणखी आहे का म्हणून त्यांच्या पायजम्याला टोचा मारल्या.

आणि शर्मिष्ठा? ती एकदा खुडूक झाली की खुराड्यातून उठायचं नाव नाही. खाली अंडं असो नसो, पिसं फुलवून बसायचं आणि हात पुढे केला की चोच. "अगदी कर्णिकबाई!" साहेब खूष होऊन सांगत. खरी शर्मिष्ठा कर्णिक आस्थापना शाखेत अठरा वर्षं एकाच खुर्चीवर होती. साहेबांनी तिच्या बदलीचे तीन प्रस्ताव पाठवले; तिन्ही वेळा बदली झाली ती साहेबांची.

आता गंमत बघा. ऑफिसच्या स्नेहसंमेलनात साहेबांचा निहार आणि त्याच कर्णिकबाईंची गंधाली, यांचं जुळलं. निहार चौतीस वर्षांचा. आधीची दोन स्थळं बापाच्या जिभेने घालवलेली. रविवारी कर्णिकबाई लेकीला घेऊन बोलणी करायला येणार.

"अहो, हे तिसरं गेलं तर पोरगा घर सोडून जाईल," उत्तराबाईंनी नवऱ्याला बजावलं. "त्या कोंबडीचं नाव आजपासून मैना."

"कोंबडीला मैना? मग पोपटच ठेव ना!"

"तोंड मिटा. आणि रविवारीही मिटलेलंच ठेवा."

नाव बदललं. घरकामाच्या सुंदराबाईला सांगायचं तेवढं राहिलं.

रविवारी कर्णिकबाई सोफ्यावर बसून पोहे खात होत्या. साहेब गोड हसून "बाई, तुमच्यासारखी चिकाटी..." असं काहीतरी सुरू करणार, तोच मागल्या दारातून सुंदराबाई ओरडली, "सायेब, शर्मिष्ठा अजून खुडूकच बसलीय! पाटीखाली कोंडली तरी उठत नाय मेली. बादलीत बुडवू, का नाकात पीस खुपसू?"

निहारने डोळे मिटले. गंधालीला ठसका लागला.

कर्णिकबाईंनी शांतपणे बशी खाली ठेवली. "चला, मलाच बघून येऊ."

कोंबडी पाटीखाली कोंडलेली, दोन दिवस दाणा नाही.

"हा हुकूम कुणाचा?"

"माझा," साहेब पुटपुटले.

"वाटलंच. साहेब, उपाशी ठेवून कुणी जागा सोडत नाही. पेणला आमच्याकडे वीस कोंबड्या होत्या. जाळीच्या तळाचा पिंजरा आणा, विटांवर उचलून ठेवा. आत गवत नको, खालून वारा लागू दे. पोट गार पडलं की बसायची हौस फिटते. दाणापाणी पोटभर द्या. आणि रोज सकाळी मला रिपोर्ट पाठवा. मुलांचं नंतर बोलू."

"रिपोर्ट? मी?"

"हो तर. कोंबडीशी कसं वागता ते कळलं की सुनेशी कसं वागाल याचा अंदाज येतो."

सोमवारी साहेबांनी मेसेज टाकला: 'प्रगती समाधानकारक.' उत्तर आलं: 'मोघम. काय खाल्लं? किती वेळा उभी राहिली?' मंगळवारी साहेब पिंजऱ्यासमोर स्टूल टाकून सकाळभर बसले आणि बोटांवर मोजत राहिले. सोसायटीतली माणसं मुद्दाम मागच्या बाजूने जाऊ लागली.

गुरुवारी पिंजरा उघडला. शर्मिष्ठा खुराड्याकडे न बघता तरातरा गेली आणि माती उकरू लागली. साहेबांनी सविस्तर कळवलं. तासाभराने उत्तर आलं: 'मंजूर.'

"काय मंजूर?" उत्तराबाईंनी विचारलं. "कोंबडी का लग्न? विचारा ना!"

साहेबांनी दोन शब्द टाइप केले, पुसले, पुन्हा टाइप केले. "खुलासा मागितला तर त्यांना राग येईल गं."

उत्तराबाईंनी त्यांच्या हातातला फोन काढून घेतला आणि सरळ हॉलवाल्याला लावला.