पिवळ्या पट्टीच्या अलीकडे

आमच्या प्रयोगशाळेत त्यांना सगळे थंडोबा म्हणत. चुंबकाच्या टाकीत उणे दोनशे एकोणसत्तर अंशांचा द्रव हेलियम भरायचा, हे त्यांचं सव्वीस वर्षांचं काम. हेलियम किती उरलाय ते एका पोकळ सळीच्या टोकावर अंगठा ठेवून सांगत. खालचं टोक द्रवाला टेकलं की सळीची थरथर बदलते. मीटर चुकायचा, अंगठा नाही.

त्यांचा एक हट्ट होता. क्वांटम डॉट, म्हणजे अर्धवाहकाचा डोळ्यांना न दिसणारा कण, लेझर पाडला की आपल्या ठरावीक रंगाचा उजेड देतो. पडद्यावर त्याची एक रेघ दिसते. चुंबकाचा जोर वाढवला की त्या रेघेच्या दोन होतात. नव्या डॉटची रेघ पहिल्यांदा फुटताना थंडोबा हजर हवेतच. "हेलियम मी भरलाय, मग बघायचा मान माझा," म्हणत.

मग त्यांना पेसमेकर बसला. चुंबकाजवळ फिरकायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. दाराबाहेर जमिनीवर पिवळी पट्टी आहे. तिच्या अलीकडे ते स्टूल टाकून बसत आणि नव्या तंत्रज्ञाचं डोकं खात. तेव्हाच, चार महिने शोधल्यावर, मला हवा तो डॉट सापडला. मी त्यांना छापलेला आलेख नेऊन दिला. त्यांनी तो परत केला.

"फुटलेली नको. फुटताना दाखव."

दार बंद, आत काळा पडदा, मला शोधनिबंधाची घाई. मोजणी संपली की बघू, मी म्हणाले. माझी अक्कल चरायला गेली होती.

तीन आठवड्यांनी ते गेले. मोजणी चालूच होती.

त्यांच्या पत्नी, आमच्या काकू, त्यांचं सामान न्यायला आल्या. मी आत या म्हटलं, तर त्या स्टुलावरच बसल्या. ते इथेच बसायचे ना, मग मीही इथेच, म्हणाल्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, "रोज विचारायचे मी, दिसली का रेघ. म्हणायचे, पोरगी कामात आहे, तिच्यामागे लागायचं नाही."

मॉनिटरच बाहेर आणावा, हे मला तेव्हा सुचलं. लांब केबल हवी होती, म्हणून थंडोबांचं कपाट उघडलं. समोरच वेटोळं करून ठेवली होती. वर चिकटपट्टीवर त्यांच्या अक्षरात लिहिलं होतं: 'मॉनिटर दाराबाहेर. हिची मोजणी संपल्यावर.'

पाच मिनिटांत मॉनिटर बाहेर आला. मी चुंबकाचा जोर शून्यापासून वाढवत नेला. रेघ फुटली तेव्हा काकूंनी माझा हात घट्ट धरला. मला तो सोडवून घ्यावासा वाटत होता.