तुरटीच्या पाण्यातली मुळं

पिंपळनेरच्या पश्चिमेला, डोंगराच्या उतारावर आबा नावाच्या एका शेतकऱ्याचं शेत होतं. तिथं मी पहिल्यांदा गव्हाचं रोप उपटलं तेव्हा हातात जेमतेम एक शेंडी आली. मुळं आखूड, जाड, टोकाला तपकिरी. बारीक तंतू जवळजवळ नव्हतेच.

"आठे गहू नही व्हस, बेटी," आबा त्यांच्या अहिराणीत म्हणाले. "उगस, पिवळा पडस, नी उभा वाळी जास." त्यांनी नवी विहीर खणली होती. पाणी होतं, खत घातलं होतं, तरी तीन-चार हिवाळे हेच चाललेलं.

मी तेव्हा धुळ्याच्या कॉलेजात शेतीचं पुढचं शिक्षण घेत होते. सत्तरच्या दशकाची सुरुवात होती आणि आमच्या वर्गात मी एकटीच मुलगी. परतल्यावर मला शिकवणाऱ्या सरांना मुळं दाखवली आणि म्हटलं, "माती आंबट आहे. आंबट मातीत अ‍ॅल्युमिनियम विरघळतं आणि मुळांची टोकं मारतं, असं मी वाचलंय."

सर हसले. "खान्देशात? अहो, आपली काळी चुनखडीची जमीन. आसामातलं दुखणं इथं कशाला आणता?"

"तो पट्टा काळा नाही सर, तांबडा आहे. तिथं पाऊसही आपल्या कितीतरी पट पडतो."

"मग सिद्ध करा."

प्रयोगशाळेत जागा मिळेना, म्हणून मी धुळ्यातल्याच आमच्या घराची गच्ची घेतली. घराणं मूळचं राजस्थानचं, खाली किराणा दुकान. तुरटीत अ‍ॅल्युमिनियम असतं आणि तुरटी आमच्याकडे पोत्याने होती. काचेच्या बरण्यांत खताचं पातळ पाणी भरलं, त्यात तोलून तुरटी विरघळवली आणि वर जाळीत गव्हाची रोपं बसवली. कॉलेजच्या बियाण्यांच्या कोठीतून मिळतील तेवढे वाण आणले होते.

बापूजी, म्हणजे माझे वडील, रोज वर येऊन बघत. "गिऱ्हाइकांना काय सांगू? पोरीने तुरटीत लोणचं घातलंय?" म्हणत, पण बरण्यांवर ऊन येऊ नये म्हणून गोणपाट त्यांनीच बांधलं.

थोड्याच दिवसांत जवळजवळ सगळ्या बरण्यांत आबांच्या शेतातलीच मुळं दिसू लागली. तशीच ठेंगणी, तशीच तपकिरी. मी धावत सरांकडे गेले.

"पाणी आंबट झालं म्हणून मुळं मेली असतील," ते म्हणाले. "यात अ‍ॅल्युमिनियमचा दोष कुठे दिसतो?"

राग आला, पण प्रश्न बिनतोड होता. मी दुसरी रांग मांडली. तितकंच आंबट पाणी, पण तुरटीऐवजी नुसतं आम्ल घालून. त्या रांगेत मुळं पांढरीशुभ्र, लांबलचक वाढली. आता दोष कुणाचा ते लपत नव्हतं.

खरी गंमत पहिल्याच रांगेत होती. एका जुन्या, उंच वाणाची मुळं तुरटीच्या पाण्यातही खाली खाली चालली होती. काळ्या जमिनीत तो कमी पिकतो म्हणून त्याला कुणी विचारत नव्हतं. मी त्या बरणीतलं पाणी तपासलं आणि विश्वास बसेना म्हणून पुन्हा तपासलं. शेजारच्या बरण्यांपेक्षा ते कमी आंबट झालं होतं. रोप नुसतं सोसत नव्हतं, भोवतालचं पाणीच बदलत होतं! गच्चीवर मी एकटीच मोठ्याने हसले. खालून आईने विचारलं, "काय गं, काय झालं?"

"जगलं!" मी ओरडले.

या वेळी सरांनी बरण्या स्वतः तपासल्या. पट्टीने मुळं मोजली. मग म्हणाले, "बियाणं आबांकडे कधी नेऊया?"

त्या हिवाळ्यात आबांच्या उतारावर दोन पट्टे पेरले, एक नेहमीच्या वाणाचा आणि एक आमच्या उंच गव्हाचा. नेहमीचा महिन्याभरात पिवळा पडला. आमचा कमरेपर्यंत आला, ओंब्या धरल्या, दाणा भरला. कापणीच्या आधी सर कॉलेजातल्या इतर अध्यापकांना जीपमध्ये घालून घेऊन आले. बुटांसकट ढेकळांत उतरून त्यांनी एक रोप खणून काढलं. मातीत खोलवर गेलेली मुळं सगळ्यांपुढे धरून, माझ्याकडे बोट करत म्हणाले, "मी यांना नाही म्हणालो होतो. बघा."

आबा आपल्या पट्ट्याच्या मधोमध उभे होते. "दख बेटी, यंदा बी पिवळा शे! पन यंदा पिकीसन पिवळा शे!"

अशी मुळं टोकांतून एका सेंद्रिय आम्लाचा क्षार सोडतात, त्याने पाणी आंबट होत नाही आणि तो अ‍ॅल्युमिनियमला बांधून निरुपद्रवी करतो, हे इतरांनी शोधून काढलं ते फार पुढे. ते वाचलं तेव्हा मी सेवानिवृत्तीकडे झुकले होते. पण त्या दुपारी आम्हाला एवढंच ठाऊक होतं की या उतारावर गहू होतो. आबांनी दाणा घरात नेलाच नाही. सगळा बियाण्यासाठी राखला आणि पुढच्या वर्षी शेजारच्या तिघांनी तो मागून नेला.