बत्तीसचा पाना

स्वतःची गाडी घरच्या घरी दुरुस्त करणारी माणसं मला सहन होत नाहीत. रविवारी सकाळी जुना शर्ट घालून, बॉनेट उघडून, गाडीत तोंड घालून उभी असलेली. ती दहा मिनिटांत संपणाऱ्या कामाबद्दल बोलतात आणि दिवेलागणीला केरोसीनने हात धूत असतात. मी काही वर्षं त्यांच्यापैकीच होतो, म्हणून खात्रीने बोलतो.

गाडी घेतली ती आईसाठी. अंबरनाथच्या एका कारखान्यात मी कॉस्टिंगला होतो. बुवापाड्यातून निघून आम्ही पूर्वेला सोसायटीत राहायला आलो होतो. आईच्या कमरेचं ऑपरेशन झालं आणि स्टेशनचा पूल तिला कायमचा बंद झाला. रिक्षात बसायचं नाही, गचके चालणार नाहीत, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. म्हणून एक जुनी, चार दारांची गाडी घेतली. पुढची सीट मागे रेलते, आई त्यावर आडवी पडून जाऊ शकते, हे मी आधी दोनदा स्वतः पडून पाहिलं होतं.

तिला जायचं असायचं ते एकाच ठिकाणी. बदलापूरला, हेंद्रेपाड्यात, तिच्या धाकट्या बहिणीकडे. आई आणि मावशी छप्पन साली नागपूरला दीक्षेला एकत्र गेल्या होत्या, तेव्हापासून दसऱ्याच्या दिवशी दोघी पांढरी साडी नेसून एकत्र वंदना म्हणायच्या. कधी आमच्याकडे, कधी तिच्याकडे. ऑपरेशनच्या वर्षी ते पहिल्यांदा चुकलं. आणि आता मावशीने अंथरूण धरलं होतं. या दसऱ्याला जायचंच, असं आईने श्रावणातच सांगून ठेवलं.

मागच्या डाव्या चाकाचा ब्रेक धरून राहायचा. थोडं अंतर गेलं की ड्रम तापून वास यायचा. गॅरेजवाल्याकडे न्यायचं मी ठरवून टाळलं. त्याने मागच्या खेपेला ‘नवा वॉशर टाकला’ म्हणून सांगितलं होतं आणि मी उघडून पाहिला तर जुनाच, घासून चकचकीत केलेला. ज्या माणसाचा एक वॉशर खोटा, त्याच्या हातचा ब्रेक मला आईखाली नको होता. शिवाय माझ्याकडे गाडीबरोबर मिळालेलं इंग्रजी पुस्तक होतं. त्यात प्रत्येक नट किती आवळायचा याचे आकडे होते. आकडे दिसले की मला वाटतं, काम आपल्या हातातलं आहे.

ते पुस्तक लिहिणाऱ्याला एकदा भेटायची माझी फार इच्छा होती. ‘ड्रम हलकेच ओढून काढा,’ असं त्यात लिहिलेलं होतं. मी ओढला. लाकडी ठोकळा ठेवून हातोडी मारली. केरोसीन सोडलं, रात्रभर मुरू दिलं, सकाळी पुन्हा मारली. ड्रम जागचा हलला नाही. पहिल्या मजल्यावरून एक काका म्हणाले, “उलट्या बाजूने ठोका.” दुसऱ्या मजल्यावरून कोणी म्हणालं, “अहो, ठोकू नका, फुटेल!” ज्यांच्याकडे सायकलसुद्धा नव्हती त्यांच्याकडे सल्ला होता. सेक्रेटरी खाली येऊन फरशीवरचा तेलाचा डाग बघून गेले आणि संध्याकाळी फळ्यावर सूचना लागली.

शेवटी शेजारच्या जिन्यातले फोरमन आले. एका इंजिनिअरिंग कारखान्याच्या टूलरूममध्ये होते. आवाज मोठा, हसणं त्याहून मोठं.

“काय साहेब, गाडी पाडताय की काय?”

त्यांनी घरून ड्रम ओढून काढायचा पुलर आणला आणि मधला मोठा नट काढायला बत्तीसचा पाना आणला. माझ्या संचातले पाने बावीसपर्यंतच होते. ड्रम निघाला. “काम होईपर्यंत ठेवा,” ते म्हणाले. “फक्त हरवू नका, बायको एक वेळ हरवली तरी चालेल.” वरच्या खिडकीतून त्यांची बायको ओरडली, “ऐकू आलं हं मला!”

तेव्हा नवरात्र सुरू झालं होतं. आमच्या घरात घट बसत नाहीत, त्यामुळे माझ्या डोक्यात दिवसांची मोजणी दसऱ्यापासून उलटी होती. कारखान्यातून आल्यावर उजेड असेल तेवढा वेळ मिळायचा. नवे लायनर बसवताना जी स्प्रिंग ताणून अडकवावी लागते, तिच्यासारखी दुष्ट वस्तू मी पाहिलेली नाही. स्क्रूड्रायव्हरने ओढायची, भोकाजवळ आली की सुटायची. एकदा ती उडून गटारात गेली आणि मी ती काठीने शोधून काढली. एकदा माझ्या अंगठ्याचं नख घेऊन गेली. आई गॅलरीत खुर्चीवर बसून सगळं पाहत असायची.

“आपल्याकडं घट बसत न्हाईत म्हणतोस,” ती वरून म्हणाली, “आणि गाडी बसवून ठेवलीस की नऊ दिवस.”

ब्रेकमधली हवा काढायला दोन माणसं लागतात. एक आत पेडल दाबायला, एक खाली चाकाशी. आत बायको.

“दाब!”

“दाबलंय.”

“दाबून धर!”

“धरलंय हो!”

“सोड आता. हळू… अगं, मी म्हणेपर्यंत सोडायचं नाही!”

“तुम्हीच म्हणालात ना सोड!”

“ते आधीचं होतं!”

“मग खाली मी येते, आत तुम्ही बसा.”

ब्रेक ऑइल संपलं तेव्हा आम्ही दोघंही बोलायचे थांबलो होतो. ड्रम जागेवर होता, नट हाताने फिरवून घेतला होता. पण अंधार पडला. पुस्तकातल्या आकड्याइतका तो आवळला जातो की नाही हे मला उजेडात बघायचं होतं. तेवढं आणि तेल भरणं, एवढंच उरलं होतं. दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली होती आणि परवा दसरा.

सकाळी ब्रेक ऑइल घेऊन परतलो तर पुलर आणि पाना दोन्ही जागेवर नव्हते.

“ते न्यायला आले होते,” बायको म्हणाली. “त्यांचंच ना ते? दिलं मी.”

फोरमनच्या दारात चपला काढून आत गेलो. पाटावर लाल कापड, त्यावर त्यांची सगळी हत्यारं ओळीने मांडलेली. घासून, पुसून, प्रत्येकावर हळदकुंकू, झेंडूची पाकळी. पुलर होता. बत्तीसचा पाना मधोमध होता.

“या साहेब. आज खंडेनवमी ना.”

“दोन मिनिटांचं काम आहे,” मी म्हणालो. “नट आवळतो, लगेच आणून देतो.”

“आता? पूजा झाली. उद्या संध्याकाळी सीमोल्लंघन करून आलो की उचलतो. तोवर नाही.”

“हात माझा लागेल, तुमचा नाही. मी मानत नाही हे सगळं.”

“तुम्ही मानत नाही,” ते म्हणाले, “पाना मानतो.”

आणि हसले. मग माझा चेहरा बघून हसणं थांबवलं. त्यांच्या वडिलांनी एकदा खंडेनवमीला साहेबाच्या हट्टापायी प्रेस चालवला होता आणि पुढच्या होळीच्या आत त्यांचा अंगठा गेला. “योगायोग असेल,” ते म्हणाले. “पण मी त्या हाताने जेवताना बघितलंय बापाला. माझ्याकडून नाही व्हायचं.”

“उद्या मला आईला बदलापूरला न्यायचंय. मावशी आजारी आहे.”

“मग काल सांगायचं. कॅलेंडरात छापलेलं असतं की.”

ते खरं होतं आणि म्हणूनच मला त्यांचा जास्त राग आला. भिंतीवरच्या कॅलेंडरात मी दसऱ्याच्या चौकोनाला वर्तुळ केलं होतं. त्याच्या आदल्या चौकोनात काय छापलंय ते वाचायचं कारण मला कधी पडलंच नव्हतं. स्प्रिंगा, लायनर, तेल, उजेड, रजा, सगळं मी धरलं होतं. सगळ्या गावातली हत्यारं एकाच दिवशी पाटावर जाऊन बसतात, हे मात्र धरलं नव्हतं. जन्म याच गावात काढून.

रस्त्यावरची गॅरेजं फिरलो. सगळीकडे तेच. फरशा धुतलेल्या, दाराला तोरण, हत्यारं मांडलेली. एक मेकॅनिक धोतर नेसून बसला होता, त्याला मी ओळखलंच नाही. “परवा या,” तो म्हणाला, अगदी प्रेमाने. त्या प्रेमाचाही मला राग आला.

मग उल्हासनगर. तिथे दुकानं उघडी होती. हार्डवेअरच्या एका दुकानात म्हातारे सिंधी शेठ होते. त्यांनी पाना काढून काउंटरवर ठेवला, पण हात त्यावरच ठेवला.

“साईं, बत्तीस का है. पर ये नलवालों का हलका माल है. जोर लगाओगे तो मुँह खोल देगा.”

“एक ही बार लगाना है.”

“एक बार भी तो जोर ही होता है ना, साईं.”

त्यांनी चांगल्या मालासाठी दसऱ्यानंतर यायला सांगितलं. मी हलका माल घेऊन आलो. पाना नटावर बसवला, पाइप घालून दाबला. सुरुवातीला नट फिरला. मग पान्याने तोंड उघडलं, माझी बोटं मडगार्डच्या कडेवर गेली आणि नटाचा एक कोपरा गोल झाला. पुस्तकातल्या आकड्याच्या निम्म्यालाही तो पोचला नव्हता. अशा चाकावर आईला नेणं शक्य नव्हतं. मी गाडीला लाथ मारली. सोसायटीतल्या बऱ्याच लोकांनी ती पाहिली.

दसऱ्याच्या सकाळी आई पांढरी साडी नेसून तयार बसली होती.

“रिक्षा आण,” ती म्हणाली.

“डॉक्टरांनी…”

“डॉक्टर माझ्या भैनीला बघायला येणार हाय का?”

रिक्षावालेही पूजा आटोपल्याशिवाय निघत नव्हते. हँडलला झेंडूचा हार घातलेली एक मिळाली. दोन उशा, एक घडी केलेली गोधडी, आईच्या पाठीमागे माझा हात. बदलापूरचा रस्ता तेव्हा कसा होता ते ज्यांनी पाहिलंय त्यांना सांगायला नको. प्रत्येक खड्ड्याला आई डोळे मिटायची. फाटक बंद होतं, तिथे थांबलो, तेव्हा तिने पहिल्यांदा श्वास नीट घेतला. ती कण्हली नाही. कण्हली असती तर बरं झालं असतं.

हेंद्रेपाड्यात पोचलो तेव्हा तिला बसवेना. मावसभावाने आणि मी धरून तिला मावशीच्याच पलंगावर, मावशीशेजारी आडवं केलं. दोघी पांढऱ्या साडीत, दोघी छताकडे बघत.

“गाडी कुठंय गं तुझ्या लेकाची?” मावशीने विचारलं. तिचा आवाज अगदी बारीक झाला होता.

“चाक काढलंय त्यानं.”

“मग लावायचं की.”

“लावायचं त्याला येत न्हाई. काढायचं येतं.”

मावशी हसली. हसताना तिला खोकला आला, आईने आडव्यानेच तिच्या छातीवर हात ठेवला. मग दोघींनी तशाच पडून वंदना म्हटली. मावशी मध्ये अडायची, आई थांबायची. मी दाराशी उभा होतो. पुढच्या वर्षी गाडीतून येईन, असं आईने निघताना तिला सांगितलं.

घरी परतून आईला झोपवतोय तोच बेल वाजली. फोरमन. नवा शर्ट, हातात आपट्याची पानं आणि पाना. पान्यावरचं कुंकू तसंच.

“सोनं घ्या साहेब. आणि हा मोकळा झाला.”

मला दार लावून घ्यायचं होतं. “जाऊन आलो आम्ही,” मी म्हणालो. “आता नको.”

आतून आई म्हणाली, “घे रे. पुन्हा जायचं हाय.”

घेतला. खाली गेलो. आवारात सगळ्या स्कूटरींना, सेक्रेटरींच्या गाडीला हार घातलेले, माझी तेवढी उघडी. उरलेल्या पाच कोपऱ्यांवर पाना घट्ट बसला. पाइप घालून दाबला. नट जागेवर गेला, अजून उजेड होता. दोन मिनिटं म्हणालो होतो, तेवढीसुद्धा लागली नाहीत. कुंकू माझ्या हाताच्या ग्रीसमध्ये मिसळलं. मी नेहमी उसनं हत्यार केरोसीनने पुसून परत देतो. त्या दिवशी तसंच दिलं.

त्या रिक्षानंतर आई दिवाळीपर्यंत उठली नाही. गाडी खाली तयार उभी होती. मी रोज सकाळी ती चालू करायचो, आवारात एक फेरी मारून ब्रेक बघायचो, चाकाला हात लावून तापलंय का पाहायचो. तापत नव्हतं. आई काठी धरून दोन खोल्या चालायला लागली त्याच आठवड्यात मावशी गेली.

मावशीच्या पुण्यानुमोदनाच्या विधीला आईला गाडीतून नेलं. सीट मागे रेलवली, तिच्या कमरेला उशी दिली. तीच पांढरी साडी. फाटक बंद होतं तिथे मी ब्रेक दाबला आणि गाडी एकही हिसका न देता, लोण्यासारखी थांबली. आई म्हणाली, “चांगलं झालंय की काम.”

बंद पडलेली असताना त्या गाडीचा मला कधी इतका राग आला नव्हता.