पुस्तकात नसलेलं वाक्य

"गुरुवारपर्यंत पेशंटच्या तोंडून एक शब्द तरी काढा, नाहीतर यांची थेरपी खलास," डॉक्टरांनी मला कॉरिडॉरमध्येच सुनावलं.

१९९१ चा जानेवारी. कुवेतसाठी लढाई पेटलेली. आखातातल्याच झिंज या वस्तीतल्या आमच्या क्लिनिकच्या काचांवर चिकटपट्टीच्या फुल्या. मी स्पीच थेरपिस्ट. मुंबईहून आलेली आणि स्वतःवर बेहद्द खूश. पेशंट हालिनाबाई. स्ट्रोकनंतर अफेजिया, म्हणजे समजतं सगळं, पण शब्द सापडत नाहीत. मी आठवडाभर त्यांच्यापुढे चित्रकार्डं नाचवत होते. "अ‍ॅपल! बॉल!" गोरी बाई म्हणजे इंग्लिश येणारच, ही माझी अक्कल.

"मॅडम, आईला इंग्लिश येत नाही," त्यांची मुलगी एवा शेवटी म्हणाली. "आम्ही पोलिश."

"मग आधी नाही का सांगायचं?"

"तुम्ही बोलू कुठे दिलंत?"

दुसऱ्या दिवशी तिनं एक पोलिश कादंबरी आणली. दुसऱ्या महायुद्धातल्या वॉर्सातलं एक कुटुंब. लग्न, बाळंतपण, रुसवेफुगवे, सगळं तळघरात. आईला जवळजवळ पाठ. पाठ असलेलं कधीकधी आपोआप तोंडून येतं, म्हणून माझी आशा. एवानं वाचलं. हालिनाबाई ढिम्म. "आण इकडे," म्हणत मीच अक्षरं लावत रेटायला लागले. त्यांचा चेहरा आंबला, आणि त्यांनी चक्क माझा शब्द दुरुस्त केला! मग दुसरा. मग अख्खी ओळ.

मी हवेत. तेवढ्यात सायरन वाजला.

मी थांबले. त्या थांबल्या नाहीत. पण आता आवाज म्हातारीचा नव्हता; दहा-बारा वर्षांच्या पोरीचा होता. चांगल्या हातानं त्यांनी माझं डोकं मांडीवर ओढलं, तोंडावर तळवा दाबला आणि कुजबुजत राहिल्या. तळवा गारठलेला.

एवा पांढरीफटक. "हे पुस्तकात नाही. ती म्हणतेय, झोशा, खोकू नकोस, ते वर आलेत."

तळव्याआडून मी कसंबसं विचारलं, "झोशा कोण?"

"मला माहीत नाही."

मला खोकला नव्हता. त्या क्षणी घसा खवखवायला लागला. आमच्या वर फक्त गच्ची. आणि शपथेवर सांगते, गच्चीवर कुणीतरी चाललं. मी, एवढी शिकलेली, श्वास धरून पडून राहिले.

सायरन संपला. हात सैल झाला. त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाल्या, "हेर्बाता." चहा! पाठ केलेला नव्हे, स्वतःला हवा म्हणून मागितलेला.

डॉक्टर म्हणाले, "ओके, यल्ला, चला, चालू ठेवा."

उन्हाळ्यापर्यंत हालिनाबाई मुलीशी भांडण्याइतपत बोलू लागल्या. मग एकदा मी एवाकरवी झोशाबद्दल विचारलंच. "नाही," त्या म्हणाल्या. स्पष्ट, एका दमात.

मी फाइलवर 'स्पीच क्लिअर' लिहिलं. वाचा परत आली, की गप्प बसण्याचा हक्कही पेशंटला परत मिळतो.