पापुद्रा चावायचा नसतो

आमच्या घरात त्या काळी दोनच गोष्टी न चुकता येत: भूक आणि आत्या. त्यातल्या त्यात भूक बरी, ती निदान रस्त्यापासून हाका मारत यायची नाही. आई-अण्णा दुसऱ्यांच्या रानात बटाट्याच्या काढणीला जात, आणि काढणी संपली की आमची चूलही सुट्टीवर जाई. आत्याला मात्र हंगाम नव्हता. ती बारमाही होती.

ही अण्णांची सख्खी बहीण नव्हे, लांबची चुलत. घोडेगावपासून एस.टी.नं तासाभरावर असलेल्या आमच्या गावात ती उपकेंद्रातली नर्स होती, आणि गावातल्या सात ख्रिस्ती घरांतल्या पोरांना रविवारी धर्मशिक्षण देण्याचं कामही तिच्याकडंच होतं. ते तिला कुणी दिलं नव्हतं, तिनंच घेतलं होतं. फादर महिन्यातून एकदा मिस्सा, म्हणजे चर्चची मुख्य उपासना, करायला फटफटीवर यायचे. त्यांना तिनं पहिल्याच भेटीत सांगून टाकलं, "तुमी मिस्सा तेवढी बघा फादर, पोरं माझ्याकडं." फादर शिकलेले होते, पण शहाणेही होते. ते परत त्या विषयात पडले नाहीत.

पोरांची श्रद्धा आणि पोरांचं लसीकरण यात आत्याला काडीचा फरक वाटत नसे. दोन्ही वेळेवर करायची, पोरगं रडलं तरी करायची, आणि कार्डावर नोंद करायची. आम्हा प्रत्येकाचं तिनं पुठ्ठ्याचं कार्ड केलं होतं. त्यावर चौकोन आखलेले: क्रूसाची खूण, स्वर्गातल्या बापाची प्रार्थना, नमो मरिया, दहा आज्ञा. पाठ झालं की चौकोनात फुली, आणि पोलिओचा डोस घेतल्यावर करतात तशी करंगळीच्या नखावर जांभळ्या औषधाची खूण. सोमवारी शाळेत गुरुजी विचारायचे, "काय गं, या वयात पुन्हा पोलिओ?" आम्ही सांगायचो, "न्हाई गुरुजी, दहा आज्ञा."

फादरांपुढं पापांची कबुली कशी द्यायची याचाही सराव असे. माझ्या चुलतभावानं एकदा पेरू चोरल्याचं सांगितलं. आत्यानं चष्मा वर केला. "कधीपासनं हाय? दिवसातनं किती येळा? घरात आनि कुणाला हाय का?" तो बिचारा म्हणाला, "एकदाच केलं आत्या." "समदे एकदाच म्हणत्यात. फादरांना नीट सांग, न्हाईतर औषीद चुकंल." खऱ्या कबुलीच्या वेळी त्यानं फादरांना सांगितलं, की मला चोरी मंगळवारपासून आहे आणि संध्याकाळी जास्त वाढते. हे त्यानंच बाहेर येऊन आम्हाला अभिमानानं सांगितलं. फादर बराच वेळ खोकत होते, म्हणे.

पण कार्डावरचा शेवटचा चौकोन पहिल्या ख्रिस्तप्रसादाचा होता, आणि माझं सगळं घोडं तिथं अडलं. फादर जिभेवर जी पातळ पांढरी चकती ठेवतात ती चावायची नाही, तोंडात विरघळू द्यायची, असा आत्याचा कडक नियम. सरावाला फादर साध्या चकत्या द्यायला तयार होते. आत्या म्हणाली, "फुकटची सवय नको." ती घरून बाजरीच्या भाकरीचे पापुद्रे आणायची आणि औषधाच्या बाटलीच्या टोपणानं त्यांच्या गोल चकत्या कापायची. आता, बाजरीचा पापुद्रा विरघळायला अनंतकाळ लागतो. अनंतकाळाची कल्पना पोरांना यावी म्हणूनच बहुधा तो निवडला असावा. आम्ही रांगेत उभे राहायचो. "आ कर. जीभ भाईर." पापुद्रा जिभेवर पडला की आत्या दोन बोटं आमच्या जबड्यावर ठेवायची, नाडी बघावी तशी.

"चावलंस!"

सलग पाच रविवार मी चावलं. बाकीच्या सहा पोरांची कार्डं भरली. माझ्याहून लहान, नाक पुसता न येणारी पोरं पास झाली आणि मी, जिला दहा आज्ञा उलट्यासुद्धा पाठ होत्या, ती जबड्यात नापास. चौकोन रिकामा राहिला तर फादरांपुढं नाव जाणार नव्हतं, म्हणजे आणखी एक वर्ष. इकडं आईनं आत्याच्याच एका जुन्या पांढऱ्या साडीचा माझ्यासाठी झगा शिवून ठेवलेला. रोज संध्याकाळी ती तो काढून बघायची आणि परत घडी घालायची.

पहिल्या ख्रिस्तप्रसादाच्या आदल्या दिवशी आत्या घरी आली.

"वहिनी, ही का चावती?"

"खोड हाय तिची," आई म्हणाली.

"खोड मी वळखते. ए, काल राच्याला काय खाल्लंस?"

"आमटी."

"कशासंगं?"

मी आईकडं बघितलं. आईनं चुलीकडं बघितलं. चुलीत बघण्यासारखं काही नव्हतं.

आत्यानं हात लांबवून भाकरीच्या टोपलीवरचं फडकं उचललं आणि परत घातलं. मग उठली आणि गेली.

सकाळी उजाडता उजाडता ती फडक्यात भाकरी आणि पिठलं घेऊन हजर. मनगटावरचं घड्याळ काढून तिनं माझ्यापुढं ठेवलं. "मिस्सा आठला. सातच्या आत खायाचं, फुडं उपास. ह्यो देवाचा नियम हाय, माझा न्हाई. चावून खा. आत्ता चाव काय चावायचं ते." आई नको नको म्हणत होती. "वहिनी, तुमी बी बसा. पोट भरलं का दात गप बसत्यात."

फादर आले, चौकोन रिकामा असूनही आत्यानं दिलेलं माझं नाव वाचलं गेलं, मी पुढं गेले. आत्या फादरांच्या शेजारी उभी, नजर माझ्या जबड्यावर. चकती जिभेवर पडली आणि मी काही ठरवायच्या आत विरघळून गेली. बाजरीवर तयार झालेल्या जिभेला ती फारच सोपी परीक्षा होती. बाहेर आल्यावर आत्यानं माझी करंगळी ओढून रंगवली. पांढऱ्या झग्यावर डाग पडला. तो आजही आहे.

पुढच्या रविवारी तिनं नवा नियम काढला: उपाशीपोटी डोस नाही. आधी प्रत्येकाला भाकरी, मग देव. कुणी दुसरी मागितली तर "देवाला जागा ठेव" म्हणायची आणि तिसरीसुद्धा द्यायची.

जुन्नरच्या कॉलेजातून मी बी.ए. झाले तेव्हा प्रमाणपत्र घेऊन तिच्याकडं गेले. तिचे डोळे अधू झाले होते. तिनं कागद उजेडाकडं धरला, त्यावरून बोट फिरवलं. "समदे चौकोन भरले?" म्हटलं, भरले. "जेवलीस?" मी जेवले होते. तरी बसले.

आमच्या घराण्यातली मी पहिली पदवीधर. आत्या गेली, आणि रविवारचा वर्ग माझ्याकडं आला. कार्डं तीच, जांभळं औषध तेच. टोपली उघडून भाकरी वाटताना जबड्यावर ठेवायची ती दोन बोटं आठवतात. यंदा पहिल्या ख्रिस्तप्रसादाला नऊ मुलं होती. एकानंही चावलं नाही.